पत्र्याचा कोपरा कापू नये, दुमडावा

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाणाऱ्या रस्त्यावर बिडकीन हे बाजारपेठेचे मोठे गाव लागते. आसपासचा मुलूख कापूस, तूर, बाजरी, ज्वारी आणि मोसंबी यांचा. या भागातील जुन्या घरांतून धान्य साठविण्याच्या ज्या सोयी होत्या, त्यांपैकी पेव, बळद आणि कणगी यांची नावे वृद्धांच्या बोलण्यात अजून येतात. प्रत्यक्षात त्यांची जागा बहुतेक घरी पत्र्याच्या कोठीने घेतली आहे. केंद्र सरकारने १९६५-६६ पासून धान्य बचाव मोहीम हाती घेतली आणि घरगुती साठवणीसाठी धातूच्या कोठ्यांचा पुरस्कार केला, तेव्हापासून हा बदल वेगाने झाला. कोठीखेरीज कोंबड्यांच्या पाण्याचा ट्रे, बियाणे उगवून पाहण्याचा ट्रे, पेटीचे झाकण, खुराक मोजण्याचे माप अशा कितीतरी वस्तू पत्र्याच्याच असतात. त्या विकत आणता येतात हे खरे; पण हातात थोडे कसब असलेल्या शेतकऱ्यास किंवा गावच्या कारागिरास त्या घरीही करता येण्याजोग्या आहेत.

अशी वस्तू बिघडते ती बहुधा कोपऱ्यातून. तळाचा पत्रा वर्षानुवर्षे शाबूत राहतो, भिंतींना पोचे आले तरी काम अडत नाही; मात्र चारांपैकी एक कोपरा उघडला की पाण्याचा ट्रे निकामी होतो आणि कोठीच्या तळातून ओल शिरू लागते. धान्य साठविताना त्यातील ओलावा १० ते १२ टक्क्यांच्या वर असू नये, म्हणून ते कडक उन्हात वाळवून कोठीत भरले जाते. एवढ्या काळजीने भरलेल्या धान्याला एका कोपऱ्यातून ओल लागली की तेथे गठ्ठा धरतो, बुरशी येते आणि सोंडे व पोरकिडे यांना आयतेच घर मिळते. वरून पाहणाऱ्याला यातले काहीही दिसत नाही. कोठी अर्धी रिकामी झाल्यावर कुबट वास येतो, आणि तोवर नुकसान होऊन गेलेले असते.

पुष्कळ ठिकाणी कारागीर चौकोनी पत्रा घेतो, त्याच्या चारही कोपऱ्यांचे चौकोन कात्रीने कापून टाकतो, भिंती उभ्या करतो आणि जेथे त्या मिळतात तेथे डाक लावून झाळतो. काम झटपट होते आणि नवेपणी दिसतेही चांगले. या पद्धतीचे दोष पुढे दिसू लागतात. डाक हा पत्र्याच्या मानाने फार मऊ. पाण्याने भरलेला ट्रे एका हाताने उचलला की तो किंचित पिळला जातो, आणि हा सारा पीळ त्या चार उभ्या रेषांवर येतो. काही महिन्यांत तेथे केसासारखी भेग पडते. झाळताना वापरलेले तेजाब नीट धुतले गेले नाही तर त्याच जागी गंज सुरू होतो. कापलेल्या कडेची धार तर कायमचीच. ट्रे घासताना बोट कापते, वासराने तोंड घातले तर त्याच्या ओठास इजा होते.

याहून गंभीर गोष्ट शिशाची. बाजारात मिळणारा साधा डाक हा कथील आणि शिसे यांचे मिश्रण असतो. शिसे हे विष आहे. ते शरीरात थोडेथोडे साचत जाते, आणि लहान मुले, जनावरे व पक्षी यांना त्याची बाधा विशेष होते. ज्या भांड्यातून कोंबड्या दिवसभर पाणी पितात किंवा ज्यात घरचे धान्य राहते, त्याच्या आतल्या बाजूस असा डाक असणे योग्य नव्हे. शिसेविरहित डाक मिळतो, पण तो महाग पडतो आणि त्याला उष्णताही अधिक लागते. वेल्डिंग करावे तर जस्ती पत्र्यावरील जस्त जळून पांढरा धूर निघतो. तो नाकातोंडात गेल्यास काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, हा अनुभव जोडकाम करणाऱ्यांच्या ओळखीचा आहे. यावर उपाय एकच, आणि तो जुना आहे: कोपरा कापायचाच नाही. तेथील पत्रा दुमडून त्याची घडी भिंतीवर बसवायची. सांधाच नसल्यामुळे डाक नको आणि आगही नको.

ही घडी कशी होते हे समजण्यासाठी प्रथम जाड कागद घ्यावा. वाण्याने बांधलेली पुडी ज्याने उलगडून पाहिली आहे त्याला यातील तत्त्व सांगावे लागणार नाही. कागदाच्या चारही बाजूंनी भिंतीच्या उंचीइतके अंतर सोडून रेषा आखल्या की प्रत्येक कोपऱ्यात एक लहान चौकोन तयार होतो. दोन भिंती उभ्या केल्या की या चौकोनाला जागा उरत नाही. तो आपल्या कर्णावर दुमडून बाहेर येतो आणि त्याचा दुहेरी त्रिकोण होतो. कारागीर ज्याला कान म्हणू शकेल असा हा त्रिकोण शेजारच्या भिंतीवर सपाट बसवला की काम झाले. त्याची वरची कड भिंतीच्या काठाशी बरोबर येते आणि खालचे टोक तळाच्या कोपऱ्याला मिळते. पाणी या कानाच्या दोन पदरांमध्ये शिरते, पण बाहेर पडू शकत नाही, कारण कर्णाच्या बाजूला पत्रा अखंड आहे. ते सांडले तर काठावरूनच सांडेल. कागदाचे असे दोन-तीन नमुने करून मगच पत्र्याला हात घालावा. कागदावर चूक झाली तर काही बिघडत नाही, पत्रा मात्र एकदा चुकीच्या जागी वाकला की ती खूण कधीच जात नाही.

आखणी

उदाहरणादाखल ४० सें.मी. लांब, २५ सें.मी. रुंद व ५ सें.मी. खोल असा ट्रे घेऊ. त्यात काठोकाठ ५ लिटर पाणी मावते. भिंतींच्या काठाला १ सें.मी.ची दुमड ठेवावयाची असल्याने प्रत्येक बाजूस ६ सें.मी. पत्रा अधिक लागेल. म्हणजे ५२ सें.मी. बाय ३७ सें.मी.चा तुकडा घ्यावा. तो गुण्या लावून काटकोनात कापलेला असला पाहिजे. तळाचा आयत आखून झाल्यावर त्याचे दोन्ही कर्ण मोजावेत. ते सुमारे ४७.२ सें.मी. भरले आणि एकमेकांशी जुळले तर आखणी बरोबर आहे. हे दोन मिनिटांचे मोजमाप टाळणाऱ्याला पुढे तासभर ठोकाठोक करावी लागते.

चार कोपऱ्यांत आता ६ सें.मी. बाजूचे चौकोन दिसतील. त्यांच्या बाहेरच्या दोन कडांवरील १ सें.मी.ची पट्टी कापून टाकावी, म्हणजे कानासाठी ५ सें.मी.चा चौकोन शिल्लक राहील. एवढेच काय ते कापावयाचे. ही पट्टी तशीच ठेवली तर काठाच्या दुमडीखाली पत्र्याचे फार पदर जमतात आणि काठ तेथे फुगतो. उरलेल्या चौकोनात तळाच्या कोपऱ्यापासून बाहेरच्या टोकापर्यंत कर्णरेषा काढावी. हा कर्ण कोनाचे बरोबर दोन भाग करणारा हवा. तो बाजूस सरकला तर चौकोनाच्या दोन कडा एकमेकींवर येत नाहीत, एक भिंत आत झुकते आणि काठ वरखाली होतो.

आखणी पेन्सिलीने करावी, अणकुचीदार लोखंडी खिळ्याने करू नये. जस्ती पत्र्याचे सारे आयुष्य त्यावरील जस्ताच्या पातळ थरावर अवलंबून असते. लोखंडाला जस्ताचा मुलामा देण्याच्या कृतीचे एकस्व फ्रान्समध्ये सोरेल यांनी १८३७ साली घेतले, त्यामागील तत्त्व आजही तेच आहे: जस्त स्वतः झिजते आणि लोखंडाला राखते. कापलेल्या बारीक कडेचेही ते काही अंशी रक्षण करते. पण नेमक्या वाकणाच्या रेषेवर खोल ओरखडा काढला तर पत्रा तेथेच तडकतो आणि जस्तही तेथेच तुटते.

दुमड

साधने थोडी लागतात. पत्रा कापण्याची कात्री, लाकडी मोगरी, पक्कड, गुण्या आणि तळाच्या मापाचा कठीण लाकडाचा ठोकळा एवढ्यावर काम भागते. ठोकळ्याची कड चाकूसारखी धारदार ठेवू नये. पत्र्याच्या जाडीइतकी ती गोलसर करावी.

लोखंडी हातोडी मात्र दूर ठेवावी, आणि याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. पुण्याच्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यावर हातोडीचे घाव घालतात, कारण तेथे धातू पसरावा, त्याला आकार यावा, असाच हेतू असतो. घावाने धातू पातळ होतो, आणि पातळ झालेला धातू पसरतो. घडीच्या कामात हेच नको असते. भिंतीच्या मध्यावर पत्रा जरा जरी पसरला तरी त्या वाढीव पत्र्याला मावायला जागा नसते. तो फुगतो आणि बोटाने दाबला असता टकटक आत-बाहेर होऊ लागतो. लाकडी मोगरी पत्रा वाकवते, पसरवीत नाही.

प्रथम लांब बाजूंच्या काठाची १ सें.मी.ची दुमड बाहेरच्या अंगाला पूर्ण घालून घ्यावी. रुंद बाजूंची दुमड तूर्त अर्धवटच, म्हणजे जेमतेम बाहेर कललेली ठेवावी, कारण तिच्याखाली नंतर कान जावयाचा आहे. मग चारही कर्णांवर पत्रा पट्टीच्या आधाराने थोडा बाहेरच्या दिशेने दाबून त्याला वळण दाखवून ठेवावे. हे वळण तळाच्या कोपऱ्यापर्यंत नेऊ नये, २-३ मि.मी. अलीकडे थांबावे. तळाच्या दोन रेषा आणि कर्ण अशा तीन घड्या त्या एका बिंदूवर येतात, पत्र्यावर सर्वांत अधिक ताण तेथेच पडतो, आणि सुईच्या टोकाएवढे छिद्र पडते तेही तेथेच. तो बिंदू किंचित गोल राहिला तर ट्रेच्या उपयोगात काही उणे येत नाही.

त्यानंतर ठोकळा तळावर ठेवून लांब भिंती उभ्या कराव्यात. एका जागी घाव घालून पत्रा एकदम ९० अंशांत आणू नये. मोगरी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलकेच फिरवावी, पत्रा थोडा उठवावा, पुन्हा फिरवावे. तीन-चार फेऱ्यांत भिंत उभी राहते. वाकलेला पत्रा हात काढताच थोडा मागे येतो, म्हणून तो काटकोनाच्या किंचित पुढे न्यावा. लांब भिंती पाऊण उठल्या की रुंद भिंती उठवू लागावे. आता चारही कान आपोआप बाहेर येऊ लागतील. ही वेळ सर्वांत नाजूक. एक हात कानावर ठेवून त्याला कर्णावरच मिटू द्यावे, आणि भिंत व कान ही दोन्ही बरोबरीने पुढे न्यावीत. भिंत आधी पूर्ण उभी करून कान मागाहून चिमटण्याचा प्रयत्न केला तर कर्ण सोडून भलत्याच रेषेवर सुरकुती पडते.

कान मिटला की त्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्या धरून पक्कडीने तो आवळावा, म्हणजे पत्र्यावर पक्कडीचे दात उमटत नाहीत. ही आवळणी ढिली ठेवू नये. दोन पदरांमधील फट ट्रेच्या आतल्या बाजूस उघडी असते. ती रुंद राहिली तर तिच्यात पाणी, शेवाळ आणि खाद्याचा चुरा साचतो. आवळलेला कान मग रुंद भिंतीकडे वळवून आत ठोकळ्याचा आधार देऊन मोगरीने बसवावा. शेवटी रुंद बाजूची अर्धवट ठेवलेली दुमड कानावरून खाली घ्यावी, की कान तिच्यात पकडला जातो. तेथे पत्र्याचे पदर अधिक असल्याने दुमड किंचित सैल पडेल. ती तशीच असू द्यावी, ठोकून चपटी करण्याच्या भरात जस्त तुटते.

कान बाहेर घालावा की आत, असा प्रश्न नेहमी निघतो. पाण्याच्या व धान्याच्या वस्तूत तो बाहेरच असावा. आत घातलेल्या कानामागे जो खिसा होतो तो ब्रशानेही निघत नाही. कान कोणत्या भिंतीवर बसवावा, हे मापावर ठरते. एका भिंतीवर दोन टोकांचे दोन कान येतात, म्हणून तिची लांबी खोलीच्या दुपटीहून कमी असता कामा नये. नाहीतर कान एकमेकांवर चढतात. वरील ट्रेमध्ये २५ सें.मी.च्या भिंतीवर ५-५ सें.मी.चे दोन कान सहज मावतात.

भिंती सरळ उभ्या नसून बाहेर कललेल्या हव्या असतील, तर कोपऱ्यात चौकोन राहत नाही आणि आखणी थोडी बदलते. तळाच्या कोपऱ्यातून निघालेल्या दोन भिंतींच्या रेषांमधील कोन दुभागावा. नंतर ज्या भिंतीवर कान बसवायचा तिच्या काठाने कोपऱ्याच्या रेषेशी जो कोन केला आहे, तोच त्या रेषेच्या पलीकडच्या अंगाला उतरवावा. ही रेषा दुभाजकाला जेथे मिळेल तेथपर्यंतच कानाचा पत्रा ठेवावा, आणि दुसऱ्या भिंतीच्या बाजूनेही तसेच करावे. म्हणजे कान वळल्यावर त्याची कड काठाशी तंतोतंत येते. कललेल्या भिंतींचे ट्रे एकात एक बसतात, एवढा त्यांचा फायदा. पहिला ट्रे मात्र सरळ भिंतींचाच करावा.

तयार झालेला ट्रे काठोकाठ भरून कोरड्या राखेवर किंवा वर्तमानपत्रावर रात्रभर ठेवला असता गळती कोठे आहे ते सकाळी कळते. फार बारीक छिद्र शोधावयाचे असेल तर कोपऱ्याला बाहेरून खडू किंवा चुना लावून वाळू द्यावा आणि आतून रॉकेल फिरवावे. थोड्या वेळाने पांढऱ्यावर डाग उमटतो. या परीक्षेनंतर ट्रे साबणाने स्वच्छ धुतल्याखेरीज वापरू नये.

पत्रा कोणता घ्यावा

हाताने असा कोपरा घालण्यास २४ ते २६ गेजचा मऊ जस्ती पत्रा उत्तम. २४ गेज म्हणजे सुमारे ०.५६ मि.मी. आणि २६ गेज म्हणजे सुमारे ०.४६ मि.मी. जाडी. २२ गेजचा पत्रा सरावलेल्या हाताला वाकतो. २० गेज व त्याहून जाड पत्र्यावर हा प्रयोग करू नये. तेथे पत्रा कापून, एकावर एक चढवून रिबीट मारणेच बरे. छपराचे उरलेले रंगीत पत्रे पुष्कळांच्या घरी पडून असतात, पण ते ताठ असतात आणि तीक्ष्ण घडीवर त्यांचा रंग तडकतो. तेलाच्या १५ किलोच्या डब्याचा पत्रा पातळ व लवचिक असल्याने शिकण्यासाठी त्यासारखा दुसरा नाही. कीटकनाशकाचा किंवा तणनाशकाचा डबा मात्र कितीही धुतला तरी या कामी वापरता कामा नये. अशी रिकामी वेष्टने पुन्हा वापरात येणार नाहीत अशा रीतीने नष्ट करावीत, असे १९७१ च्या कीटकनाशक नियमांतच सांगितले आहे. ज्या ड्रमात काय होते हे ठाऊक नाही, त्याचा पत्राही याच वर्गात धरावा.

बिडकीनजवळच्या औद्योगिक क्षेत्राचे २९ सप्टेंबर २०२४ रोजी लोकार्पण झाले. त्याचा विस्तार ७,८५५ एकरांचा आहे. कारखान्यांतून पत्रा यंत्रावर वाकवला जातो, आणि यंत्राची सरळ रेषा हाताच्या रेषेहून निश्चितच सरस असते. पण यंत्राला सरळ रेषाच सोपी. न कापता कोपरा दुमडणे त्याला अवघड जाते, म्हणून तेथेही बहुधा कोपरा कापून मग सांधतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून शीट मेटल वर्कर हा व्यवसाय शिकणाऱ्या खेड्यातील मुलांना हाताच्या घडीचा सराव असेल तर यंत्राची मर्यादाही त्यांना लवकर उमगेल.

चौकोनी कोठीचा तळ आणि तिचे झाकण हे दोन्ही म्हणजे वरील ट्रेच होत. झाकण हा पालथा ट्रे. तळाचा ट्रे कोठीच्या अंगाबाहेरून यावा, म्हणजे अंगाचा पत्रा आतून कोपऱ्यावर येतो आणि कानाची फट झाकली जाऊन धान्याचा चुरा तिच्यात शिरत नाही. झाकण अंगाच्या मापाहून दोन्ही दिशांना ३-३ मि.मी. मोठे धरावे, अगदी बरोबर मापाचे झाकण कान बसवल्यावर अडकते. मोठ्या झाकणाच्या कानाला एखादे रिबीट मारावयाचे असल्यास ते वर, काठाच्या लगत मारावे. पाण्याच्या ट्रेमध्ये हे विशेष पाळावे, कारण खाली मारलेले रिबीट म्हणजे आपल्या हाताने पाडलेले छिद्र होय. कोठी भिंतीला चिकटून किंवा सरळ जमिनीवर ठेवू नये. खाली लाकडी फळ्या द्याव्यात आणि भिंतीपासून वीतभर अंतर सोडावे.

जस्ती ट्रेमध्ये ताक, चिंचेचे पाणी, मोसंबीचा रस किंवा दुसरा कोणताही आंबट पदार्थ ठेवू नये. आंबटाने जस्त विरघळून अन्नात उतरते. कोंबड्यांच्या पाण्यात आंबट औषध द्यावयाचे असेल त्या दिवशी ते प्लॅस्टिकच्या भांड्यात द्यावे. मीठ आणि युरिया यांनीही जस्त लवकर खाल्ले जाते. पाण्याचा ट्रे आठवड्यातून एकदा रिकामा करून कानांच्या फटी बारीक ब्रशाने घासाव्यात आणि तो उन्हात पालथा न ठेवता एका अंगावर उभा ठेवावा, म्हणजे फटीतील पाणी निथळून जाते.